खुलासा आला का

माझा दादा रोज सकाळी दाढी करायच्या आधी फोनवर स्वतःचं नाव टाकून शोधतो. पूर्ण नाव, मध्ये आप्पांच्या नावासकट. मग जे येतं त्यातलं पहिलंच उघडतो, बोटानं खालपर्यंत सरकवतो, शेवटची ओळ बघतो आणि बंद करतो. फोन उशीखाली ढकलत म्हणतो, "मरू दे. आता परत बघायचं म्हणून नाही." वहिनी शेजारी पांघरुणाच्या घड्या घालत असते. उद्या परत हेच होणार हे तिला पाठ झालंय.

कुणाला वाटेल, काय हा नावाचा सोस! सोस कसला डोंबलाचा. जग काहीतरी सापडावं म्हणून शोधतं. आमचा दादा एक गोष्ट दिसू नये आणि दुसरी दिसावी म्हणून शोधतो. दिसू नये ती रोज न चुकता दिसते, आणि दिसावी तिचा पत्ता नाही. नीट सांगते, नाहीतर तुम्हालाही तो चक्रम वाटेल.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. 'होता' म्हणायला अजून माझी जीभ वळत नाही. शाळा सुटल्यावर आप्पांनी त्याला एका लिफ्टवाल्याच्या हाताखाली चिकटवलं, आणि तो असा रमला की लग्नात अंतरपाटासमोर उभा होता तरी नखांत ग्रीस होतं. पुढे स्वतःचं काम सुरू केलं. पंधरावीस बिल्डिंगच्या लिफ्ट त्याच्याकडे. कुणाच्याही घरी गेलो की हा लिफ्टमध्ये शिरताना पत्र्यावर तळहात टेकवायचा आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगायचा, "हिला सर्दी झालीय." मग यजमान चहा टाकायच्या आत हा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. वहिनी चिडायची, "पाहुणा म्हणून आलाय की तपासणीला?" माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. तिथे आला की मी आधी ओरडायची, "हात लावू नकोस कशाला!" तो मुद्दाम एखाद्या पांढऱ्या शुभ्र कोटाजवळ बोट नेऊन मला घाबरवायचा. असा माणूस.

मग ती भानगड झाली. एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी सामान चढत होतं. लिफ्टच्या दाराला एक खटका असतो, लिफ्ट समोर नसली की दार उघडतच नाही. कपाट आत घेताना दार सारखं मध्ये यायला लागलं म्हणून हमालांनी त्या खटक्यात वायर खुपसून तो निकामी करून ठेवला, आणि कपाट चढवून निघून गेले. वायर तशीच. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी दार ओढलं, ते उघडलं, आणि मास्तरांनी पाय टाकला तो मोकळ्या जागेत. लिफ्ट एक मजला खाली होती म्हणून तिच्या टपावर आदळले. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं आणि चालणं काठीवर आलं.

दुसऱ्या दिवशी बातमी. काय छापलंय ते आम्हाला दादाच्याच तोंडून कळलं. 'मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे वृद्ध शिक्षक लिफ्टच्या खड्ड्यात.' खाली दादाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, सगळं. विचारायला कुणी आलं नव्हतं. सरकारी लिफ्ट तपासणीस आले, त्यांनी वायर बघितली, हमालांना बोलावलं आणि कागदावर स्वच्छ लिहून दिलं की मेकॅनिकचा यात काही दोष नाही. मास्तरांच्या मुलानं स्वतः फोन करून सांगितलं, आमची तुमच्याबद्दल तक्रार नाही. दादा तो कागद घेऊन पेपरच्या ऑफिसात गेला. तिथे चष्मा कपाळावर चढवलेला एक गृहस्थ होता. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "छापलेला अंक तर गेला हो रद्दीत. ऑनलाइन बातमी आहे ना, तिच्याखाली खुलासा टाकून देऊ. तुम्ही बघत राहा."

तुम्ही बघत राहा! त्याचं काय जात होतं बोलायला? तो बोलला आणि चहाला गेला असेल. आमचा दादा मात्र तेव्हापासून बघत राहिलाय.

आधी आधी तो नुसतं नाव टाकायचा. खुलासा नाही. मग नावापुढे एकेक शब्द लावायला लागला. 'निर्दोष' लावून बघितलं, 'चूक नाही' लावून बघितलं. 'खुलासा' असं लिहिलं तर कुठल्यातरी नटीनं घटस्फोटाबद्दल केलेला खुलासा समोर आला, फोटोसकट. 'मेकॅनिकची काहीही चूक नव्हती हे तपासणीत सिद्ध झाले' असं अख्खं वाक्यसुद्धा त्यानं त्या चौकटीत टाइप केलं, जसं काही पलीकडे कुणी कारकून बसलाय आणि वाचून दया करणार आहे. वैतागून सोडून द्यायचा. वहिनीच्या डोक्याची शपथ घ्यायचा. आठवडा बरा जायचा. मग कुणीतरी रस्त्यात ओळख दाखवायचं नाही, किंवा फोन मधेच तुटायचा, की ह्याच्या मनात यायचं, बघितली वाटतं बातमी. लगेच फोन बाहेर, नाव टाक, उघड. त्यातून उगाच वेडी आशाही असायची की एवढ्या दिवसांत त्या चष्मेवाल्याला पाझर फुटला असेल.

मी काउंटरवर बसते, मला ठाऊक आहे माणसं शोधणं का सोडतात आणि परत का धरतात. साडीवर डाग पडला की बाई आधी फोनला विचारते. फोन दहा उपाय सांगतो. ती दोन करून बघते, डाग पसरतो, ती फोन आपटून साडी कपाटात कोंबते. मग घरात लग्न निघतं, साडी हाताला लागते, आणि ही परत फोन काढून बसते. डाग तोच, उपायही तेच. तिला वाटतं, मधल्या काळात कुणीतरी नवीन काहीतरी लिहिलं असेल. शेवटी माझ्याकडे येते, तोवर कापडाचा जीव गेलेला असतो. दादाचं तेच होत होतं, फक्त त्याला नेऊन द्यायला दुकान नव्हतं.

आणि हळूहळू त्यानं काम सोडलं. लोकांनी काढायच्या आधी आपणच बाजूला झालेलं बरं, असं त्याचं गणित. एखाद्या सेक्रेटरीनं "बघून कळवतो" म्हटलं की हा घरी येऊन सांगायचा, "बघून म्हणजे काय बघून ते कळलं मला." फोन उचलेनासा झाला. एकेक बिल्डिंग गेली. मग एका फर्निचरच्या दुकानाच्या गोदामात लागला. आलेले खोके मोजून घ्यायचे, गेलेले मोजून द्यायचे. गोदाम तळमजल्यावर आहे, तिथे लिफ्टच नाही. माझं घर चौथ्या मजल्यावर, तर हा धापा टाकत जिन्यानं चढतो. "गुडघे जातील रे," म्हटलं तर म्हणतो, "व्यायाम होतो." लिफ्टच्या दाराकडे बघतसुद्धा नाही.

आम्ही घरच्यांनी कुणीच ती बातमी कधी उघडली नाही. आमच्या घरात आप्पांचा कायदा होता: आपल्या माणसाबद्दल बाहेर कुणी काय लिहिलं, काय बोललं, ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. त्या दिवशीचा पेपर त्यांनी न वाचता पेपरवाल्याच्या अंगावर परत टाकला होता. आप्पा गेले, कायदा राहिला. दादाचं नाव फोनवर टाकून बघायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटायचं. वहिनीनं बघितलं नाही, मी बघितलं नाही. तो म्हणायचा, "नाव टाकलं की पहिली तीच येते," आणि आम्ही माना खाली घालायचो. आमची माया ही अशी.

आता गेल्या महिन्यातलं. माझ्या दुकानावर जी बिल्डिंग आहे तिच्या सेक्रेटरीबाई कपडे टाकायला आल्या. तोंड वैतागलेलं.

"ताई, तुमच्या माहितीत कुणी लिफ्टवाला आहे का हो? आमचा नुसता येतो, तेल सोडतो आणि जातो. काल माझ्या सासूबाई अर्धा तास आत अडकल्या."

"आहे ना. माझा सख्खा भाऊ."

"अय्या! आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तो हल्ली ते काम करत नाही."

"का बरं?"

त्या 'का बरं'नं माझं डोकं फिरलं. किती दिवस गप्प बसायचं माणसानं? मी कपड्याला लावायच्या टॅगच्या मागे दादाचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, "हे घ्या. टाका फोनवर आणि वाचा काय ते. मग तुमचं तुम्ही ठरवा. मागाहून म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून."

बाई गोंधळल्या, पण टाकलं नाव. मी इस्त्री आडवी ठेवलेली विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे दातांचे डॉक्टर?"

"नाही."

"मग हे पोहायला शिकवतात ते का? फोटो छान आहे."

"नाही हो! खाली बघा. बातमी असेल."

"कसली बातमी? इथे एक प्राध्यापक आहेत. प्लॉट विकणारे एक दिसतात. बातमी काही नाही बाई."

मी त्यांच्या हातातून फोन ओढूनच घेतला. आमचं आडनाव गल्लोगल्ली आहे, दादाच्या नावाची माणसं ढिगानं निघाली. दादा कुठेच नव्हता. मग मी माझा फोन काढला आणि आप्पांचा कायदा मोडला. दातांचा डॉक्टर, पोहणारा, प्राध्यापक, प्लॉट.

"पण त्याच्या फोनवर तर रोज पहिली येते," मी म्हटलं.

"रोज उघडत असतील ना ते," बाई म्हणाल्या. "जे सारखं उघडाल तेच हा वर आणून ठेवतो. मी एकदा गुडघ्याचा पट्टा बघितला, तर आता भाजी शोधली तरी पट्टे दाखवतो मेला. रविवारी सकाळी पाठवा त्यांना. मशीनरूमची किल्ली माझ्याकडेच असते, मी खाली थांबते."

त्या गेल्या आणि मला आधी हसू फुटलं. एकटीच खदाखदा हसले. मग जळका वास आला म्हणून बघितलं, तर इस्त्रीनं पाटावरचं कापड करपवलं होतं. त्या तिरमिरीत मी दादाच्या एका जुन्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला फोन लावला आणि झाडायलाच सुरुवात केली, की माझ्या भावाला तुम्ही का काढलंत? तो माणूस चाट पडला. "आम्ही काढलं? अहो, तेच फोन उचलेनात. घरी माणूस पाठवला, तर आतून सांगितलं, घरी नाहीत म्हणून. आम्ही किती दिवस थांबणार? कसली बातमी म्हणता तुम्ही?"

कसली बातमी! मी फोन ठेवला आणि लिंबाच्या सरबतात साखरेऐवजी मीठच पडावं तसं तोंड झालं माझं. संध्याकाळी शटर ओढलं आणि तडक दादाच्या घरी गेले.

दादा बनियनवर पलंगावर बसून पायाला तेल लावत होता. वहिनी आत भांडी घासत होती. मी माझा फोन त्याच्यापुढे धरला.

"नाव टाक तुझं."

"तुझ्या फोनवर नको गं चिमे." चाळिशी उलटली तरी मी त्याची चिमीच. "तू कशाला त्यात पडतेस?"

"टाक म्हणते ना!"

त्यानं तेलकट बोट बनियनला पुसलं आणि टाकलं. डॉक्टर आला. दादानं फोन जरा लांब धरला, जवळ आणला. परत टाकलं. परत डॉक्टर. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. मी सगळं सांगितलं, सेक्रेटरीबाईंचं, गुडघ्याच्या पट्ट्याचं, जुन्या सेक्रेटरीचं. वहिनीनं पदर तोंडात धरला. ती रडत होती की हसत होती, मला तेव्हा कळलं नाही.

"म्हणजे कुणालाच दिसत नव्हती?" दादानं विचारलं.

"कुणालाच नाही रे. तूच एकटा वाचत बसलास."

"आणि तो गॅसवाला? मला बघून तोंड फिरवतो तो?"

"त्याचं तोंड जन्मापासून तसंच आहे."

दादाला जरा हसू आलं. तेवढ्यावरच मी मनात त्याला मशीनरूमच्या शिडीवर चढवून मोकळी झाले. म्हटलं, "रविवारी सकाळी बाई खाली थांबणार आहेत. ये. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते. सर्दी झालीय बहुतेक तिला."

त्याचा अंगठा हलायला लागला होता. खाली, खाली, पुढचं पान, परत खाली.

"काय करतोस?"

"थांब." त्यानं नावापुढे 'लिफ्ट' लिहिलं. "लिफ्टवाला शोधणारा माणूस पुढे लिफ्ट लिहिणारच की."

"कोण लिहितं रे? कुणाला एवढा वेळ आहे?"

"थांब म्हणतो ना!"

लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्या आल्या, लिफ्टच्या जाहिराती आल्या, तो सगळ्यांना मागे टाकत गेला. वहिनी म्हणाली, "अहो, पुरे करा." त्याला ऐकूच आलं नाही. शेवटी अंगठा थांबला.

"ही बघ," तो म्हणाला. "आहे. मी म्हणत नव्हतो?"

शप्पथ सांगते, त्याचा आवाज सुटका झाल्यासारखा होता, हरवलेली किल्ली मिळाल्यावर होतो तसा. त्यानं बातमी उघडली, शेवटपर्यंत सरकवली, शेवटची ओळ बघितली. "खुलासा नाही अजून," म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. "रविवारी नाही जमायचं. सांग त्यांना."

मग मी भडकले. मोठा भाऊ आहे, तो काय म्हणेल, काही बघितलं नाही. म्हटलं, "अरे, कुणाला पडलेली नाही तुझी! जगात एकही माणूस ती बातमी वाचत नाही. कुणी तुला काढलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत, कुणाच्या गावीही नाही काही. तूच दार लावून बसलास आणि आम्हालाही बसवलंस!"

तो खाली बघत तेलाच्या बाटलीचं झाकण लावत होता. ते आट्यांवर नीट बसेना.

"कुणी बघतच नव्हतं," तो म्हणाला, "तर मग मी त्या गोदामात कशासाठी बसलो, चिमे?"

वहिनी वळून आत गेली आणि राहिलेली भांडी घासायला लागली, मघापेक्षा जोरात.

रविवारी सेक्रेटरीबाई किल्ली घेऊन खाली उभ्या राहिल्या. मी दुकान उघडून बसले होते, उगाच, आला तर म्हणून. बराच वेळ वाट बघून बाई वर गेल्या, जिन्यानं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कुणीतरी वेगळा माणूस आणला. लिफ्ट आता चालते. मी त्यांना खोटंच सांगितलं, भावाची पाठ धरलीय.

दादाचं सकाळचं चालूच आहे. दाढीच्या आधी नाव, मग बातमी, मग "मरू दे."

आणि मी? दादाच्या घरून परतले त्या रात्री झोपताना मनात आलं, एकदा बघावं, कुणी सांगावं, त्या चष्मेवाल्यानं टाकलाही असेल खुलासा. तो आला की दादाच्या तोंडासमोर धरता येईल. त्यानं शोधली तशीच 'लिफ्ट' लावून बातमी शोधली, बरीच खाली होती. उघडली, शेवटपर्यंत गेले. नव्हता. म्हटलं, गेलं खड्ड्यात, परत बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा परत बघितलं. मग वहिनीचा फोन आला की हे जेवले नाहीत, तेव्हा बघितलं.

काल सेक्रेटरीबाई कोट न्यायला आल्या तेव्हाही फोन माझ्या हातातच होता. "एवढं काय बघता हो?" त्यांनी विचारलं. मी "काही नाही" म्हटलं आणि त्यांना कोटाचा हँगर काढून दिला. आता मला खाली शोधत जावं लागत नाही. नुसतं नाव टाकलं तरी पुरतं. दातांचा डॉक्टर माझ्या फोनवर हल्ली दुसऱ्या नंबरावर येतो.